कारणाच्या रकान्यात कोणी लिहिले?

कॅनडाने २०१८ साली गांजाची विक्री कायदेशीर केली. आपल्याकडेही 'परवाने द्या, कर घ्या' म्हणणारी मंडळी आहेत. ती हमखास एक दाखला देतात: इंग्रज सरकारच्या भांग-गांजा आयोगाचा १८९४ चा अहवाल. "इंग्रजांनीच सांगून ठेवलंय, गांजाने काही होत नाही!" आज आपण तो अहवाल एक ग्रंथ म्हणून वाचू.

ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला म्हणून १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. सात सभासद, त्यांत तिघे हिंदी. सत्तर छापील प्रश्न, ११९३ साक्षीदार. मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर संपादणाऱ्या जेम्स कॅम्पबेल यांनी तर भांगेच्या धार्मिक स्थानावर टिपण लिहून दिले. निष्कर्ष असा: माफक सेवनाने सहसा अपाय नाही, अतिसेवनाने आहे, म्हणून बंदी नको, नियंत्रण हवे. दाखला देणारे यातले पहिलेच शब्द उचलतात.

आम्हाला या अहवालाचे मोठेपण त्याच्या पद्धतीत दिसते. गांजाने वेड लागते, हा त्या काळचा पक्का समज. पुरावा काय, तर वेड्यांच्या इस्पितळांतले आकडे. आयोगाने विचारले, हे आकडे आले कुठून? रुग्ण दाखल करताना पोलिसांच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावर कारणाचा रकाना असे. माणूस गांजा ओढायचा एवढे कळले, की तिथे 'गांजा' लिहून मोकळे! इस्पितळाने तेच वहीत उतरवायचे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपल्या परंपरेत यालाच काकतालीय न्याय म्हणतात. आयोगाने एका वर्षाची प्रकरणे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीचशी टिकली नाहीत.

आता दोष. वेडाच्या आकड्यांवर घेतलेली शंका आयोगाने तिजोरीवर घेतली नाही. शिफारशी बघा: परवान्याशिवाय लागवड नको, दुकाने मोजकीच, जवळ बाळगण्याला मर्यादा. इथवर ठीक. पण कर कसा घ्यायचा? मालावर थेट शुल्क, शिवाय विक्रीच्या हक्काचा लिलाव. चढी बोली लावून दुकान घेणारा माल कमी खपवेल होय? आणि त्या बोलीवर ज्याचे उत्पन्न, ते सरकार खप मनापासून आवरेल?

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दुसरे टोक गाठले. एकाच झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा. नुसते पान त्या व्याख्येबाहेर. महाराष्ट्रात त्या पानालाही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. गांजाच्या नुसत्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळंब्यात, मध्यवर्ती कारागृहाच्या गावात बोलताना हे विसरून कसे चालेल? मात्र याच कायद्याचे दहावे कलम राज्यांना लागवड आणि विक्रीबाबत नियम करण्याचा अधिकार देते. म्हणजे परवान्याचा प्रश्न उद्या आपल्याही विधानसभेत येऊ शकतो.

तेव्हा आपण बाजू घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. अपाय मोजणारा आणि महसूल मोजणारा एकच आहे का? आणि कारणाचा रकाना कोण भरतो: तपासणारा डॉक्टर, की पकडून आणणारा शिपाई? याची उत्तरे नसतील, तर परवाना हा पुन्हा लिलावच ठरेल, आणि बंदी म्हणजे न तपासता भरलेला रकाना.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.