घराण्यांची दप्तरे आणि वेल्श वाङ्मय

वेल्समधील जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांचे वर्णन करताना घराण्याचे कागद, जमीनदारीचे कागद आणि वाङ्मयीन कागद अशी तीन सदरे सामान्यतः मांडली जातात. सूचिकाराच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे, यात शंका नाही. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाने ती जशीच्या तशी स्वीकारली की त्याची फसगत होते. ज्या वाड्यांतून वेल्श काव्य आजवर टिकून राहिले, त्या वाड्यांत वंशावळी, खंडाचे हिशेब आणि कवने एकाच पेटीत नांदत होती, आणि त्यांचे एकत्र असणे निव्वळ योगायोगाचे नव्हते.

मध्ययुगीन वेल्समध्ये जमिनीवरील हक्क रक्तसंबंधाने ठरत असे. चार पिढ्यांपर्यंतचे नाते सिद्ध करता येणे हा व्यवहाराचा प्रश्न होता. पुढे आश्रयदात्या उमरावाच्या घरी जाऊन त्याच्या आदरातिथ्याची व कुळाची स्तुती गाणारा कवी हाच बहुधा वंशावळींचाही जाणकार असे. अशा स्तुतिकाव्याला केवळ भाटगिरी म्हणून बाजूला सारणाऱ्या टीकाकाराने ते काव्य आणि तो वंशवृक्ष शेजारी ठेवून वाचलेले नसतात, एवढेच म्हणता येईल.

डॉल्गेलाऊजवळील हेंगूर्ट येथील रॉबर्ट व्हॉन (मृत्यू १६६७) याचा संग्रह या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. व्हॉन हा मूळचा वंशावळींचा अभ्यासक. परंतु त्याच्या संग्रहात तेराव्या शतकाच्या मध्यातील ‘कारमार्थनचे काळे पुस्तक’, चौदाव्या शतकातील ‘ऱ्हुदर्खचे पांढरे पुस्तक’ व ‘तालिएसिनचे पुस्तक’ ही हस्तलिखिते आली. शिवाय इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी’ कथांची एक अत्यंत महत्त्वाची प्रतही आली. १८५९ मध्ये हा संग्रह पेनिआर्थच्या विन घराण्याकडे गेला. सर जॉन विल्यम्स यांनी तो मिळवल्यामुळे १९०९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला लाभला. त्या ग्रंथालयाला सनद मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. एका खाजगी घराच्या कपाटावर एका राष्ट्राच्या प्राचीन वाङ्मयाचे भवितव्य अडीचशे वर्षे अवलंबून राहिले, ही गोष्ट कौतुकाची तशीच भीतीचीही आहे.

गेनॉग्वरिन एव्हान्स यांनी १८९८ ते १९१० या काळात वेल्श भाषेतील हस्तलिखितांचा जो अहवाल सिद्ध केला, त्याचे ऋण मोठे आहे. परंतु त्याची कसोटी भाषेची होती. १५३६ च्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी झाल्यावर जमीनदारीचे कागद मुख्यतः इंग्रजीत व लॅटिनमध्ये लिहिले जात होते. ते साहजिकच या कसोटीबाहेर राहिले. कवीला आश्रय देणारा कोण, त्याचे उत्पन्न किती, हे प्रश्न त्यामुळे काव्यापासून तुटले.

एखाद्या संग्रहातील क्षुल्लक कागदांचे मोल किती असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एडवर्ड विल्यम्स ऊर्फ योलो मॉर्गनूग (१७४७–१८२६) याची कागदपत्रे. हा ग्लॅमॉर्गनचा पाथरवट, कवी, अफूच्या अर्काचा व्यसनी आणि आपल्या काळातील वेल्श हस्तलिखितांचा बहुधा सर्वांत मोठा जाणकार. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डाफिड आप ग्विलिम याच्या काव्यसंग्रहाच्या पुरवणीत योलोने स्वतः रचलेल्या कविता त्या चौदाव्या शतकातील महाकवीच्या नावावर घातल्या, आणि शंभराहून अधिक वर्षे रसिकांनी त्यांतील काहींना त्या कवीच्या उत्तम कृतींत गणले. योलोचे कागद पुढे लेडी लॅनोव्हर यांच्याकडे गेले व १९१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले गेले. त्यांच्या आधारे ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी १९२६ च्या ग्रंथात हे बनावट कर्तृत्व सप्रमाण उघड केले. कुणा नीटनेटक्या वारसाने ‘वाङ्मय’ तेवढे ठेवून बाकीची टिपणे व चिटोऱ्या चुलीत घातल्या असत्या, तर हे घडते ना. विशेष असे की, त्याच कागदांनी योलोला नव्याने उभेही केले. २००७ मध्ये तीन खंडांत संपादित झालेल्या त्याच्या पत्रव्यवहारातून केवळ लबाड मनुष्य दिसत नाही. आपल्या प्रांताला मोठा वाङ्मयीन पूर्वज हवा म्हणून तो घडवणारा एक खराखुरा कवी दिसतो. त्या पुरवणीतील कविता चांगल्या होत्या म्हणूनच खपल्या, हे टीकाकारांनी उशिरा मान्य केले.

हाच योलो काउब्रिजच्या आपल्या दुकानात गुलामांच्या श्रमाची साखर ठेवीत नसे. त्याच सुमारास उत्तरेकडे पेन्ऱ्हिनचा जमीनदार रिचर्ड पेनन्ट जमैकातील ऊसमळ्यांचा धनी होता व पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराची बाजू मांडीत होता. त्याची जमैकातील कारभाऱ्यांशी झालेली पत्रापत्री बँगॉर विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मराठी वाचकाला अ‍ॅबरिस्टविथ येथील रॉबर्ट क्लाइव्हची कागदपत्रे अधिक जवळची वाटतील. १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनबरोबर तुळाजी आंग्र्याचा विजयदुर्ग घेणारा तो हाच. त्याच्या मुलाने पोविसच्या घराण्यात विवाह केला आणि हिंदुस्थानातील संपत्ती एका वेल्श वाड्याच्या इतिहासात जाऊन बसली.

अशा संग्रहांची मर्यादाही पेन्ऱ्हिनच्याच कागदांत दिसते. १९०० ते १९०३ या काळात बेथेस्डा येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत संप चालून कामगार उपाशी पडले. ते कामगार वेल्श बोलत, वेल्शमध्ये प्रार्थना करीत, वेल्शमध्ये कविता रचीत. मालकाच्या दप्तरात मात्र त्यांच्यासंबंधी जे लिहिले गेले ते मुख्यतः इंग्रजीत आणि कारभाऱ्याच्या नजरेने. कूळ आणि कामगार तेथे थकबाकीच्या वा तक्रारीच्या निमित्तानेच डोकावतो. त्याचे स्वतःचे शब्द हवे असतील, तर अभ्यासकाला जमीनदाराची पेटी मिटून प्रार्थनामंदिरांच्या वह्या, कामगार संघटनेचे कागद आणि त्या काळची वेल्श वृत्तपत्रे उघडावी लागतात.