योग, क्षेम आणि रुळांखालची खडी

ताम्हिणीत रेल्वे नाही, हे आधीच सांगून टाकू. घाट उतरून माणगावला गेलो की कोकण रेल्वे भेटते, आणि इथून उत्तरेला बोरघाटातून मुंबई-पुणे मार्ग जातो. मधल्या या डोंगरात रूळ नाहीत. तरी विषय इथेच का मांडायचा, ते बोलण्याच्या ओघात येईल.

विषय एका छंदाचा आहे. रेल्वेचं वेड असलेली मंडळी आपल्याकडे पुष्कळ. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली, आणि दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. पण याच मंडळींत एक छोटा गट असा आहे, जो वेगवान गाड्यांसाठी थांबत नाही. रूळ दुरुस्त करणारी पिवळी यंत्रं बघायला तो थांबतो. फलाटाच्या टोकाला, पादचारी पुलावर, दोन-दोन तास. ही माणसं जी चित्रणं करतात ती आम्ही गेले काही महिने सलग पाहिली. एखाद्या नाटकाची किंवा कादंबरीची समीक्षा करावी, तशी आज या बघण्याची समीक्षा करायची आहे.

ते नेमकं काय बघतात, हे आधी समजून घेऊ. रूळ स्लीपरवर बसतात आणि स्लीपर खडीवर. गाड्या जाऊन जाऊन खडी दबते, सरकते, तिच्या कडा झिजतात, भुकटी साचते, पाणी अडतं. मग रूळ कुठे काही मिलिमीटर खचतो, कुठे बाजूला सरतो. उभ्या माणसाला ते दिसतही नाही. धावत्या गाडीतला चहा मात्र हिंदकळतो. अशा जागी टॅम्पिंग यंत्र येतं. रुळांची जोडी धरून उचलतं, सरळ करतं, आणि स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी पोलादी दाते खडीत खुपसतं. हे दाते सेकंदाला सुमारे ३५ वेळा थरथरतात आणि खडी स्लीपरच्या पोटाखाली घट्ट बसवतात. मग पुढचा स्लीपर. आपल्या मुख्य मार्गांवर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर, म्हणजे दर साठ सेंटिमीटरला हा सगळा खेळ पुन्हा. मागून खडी सारखी करणारं यंत्र येतं. कधी त्याच्याही मागून खडी स्थिर करणारं तिसरं यंत्र येतं, कारण नुकती दुरुस्त झालेली जागा थोडा काळ आधीपेक्षा कच्ची असते. म्हणून तिथून पहिल्या गाड्या सावकाश सोडतात.

आता बघा, यात नाट्य काहीच नाही. सुरुवात, मध्य, शेवट नाही. तेच पुन्हा, तेच पुन्हा. आणि तरी माणसं दोन तास बघत राहतात. हसण्यासारखं वाटेल, पण आमच्या मते या छंदात एक खरी दृष्टी आहे, आणि तिला आपल्याकडे नावही आहे.

आयुर्विम्याच्या बोधवाक्यामुळे 'योगक्षेम' हा शब्द सगळ्यांच्या परिचयाचा आहे. शंकराचार्यांनी गीताभाष्यात त्याची सोपी फोड केली आहे. जे मिळालेलं नाही ते मिळवणं हा योग, आणि मिळालेलं राखणं हा क्षेम. आपलं सार्वजनिक जीवन बहुतेक योगावर चालतं. नारळ फोडणं, फीत कापणं, हिरवा झेंडा दाखवणं. क्षेमाला समारंभ नसतो. त्याच्या वाट्याला येतो रविवारचा मेगाब्लॉक, आणि लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो; टॅम्पिंग यंत्राचा कुणी केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. या मावळात मात्र क्षेम म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत इथे ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. अशा मुलखात मे महिन्यात घर शाकारून घेतलं नाही, तर जुलैत काय होतं हे प्रत्येक म्हातारीला माहीत असतं. पिवळ्या यंत्रापाशी थांबणारा माणूस ही शाकारणीच बघत असतो. म्हणून हा छंद आम्हाला गाड्यांच्या छंदापेक्षा प्रौढ वाटतो.

रेल्वेच्या भाषेत रूळ, स्लीपर आणि खडी मिळून जो मार्ग होतो, त्याला 'पर्मनंट वे' म्हणतात. कायमचा मार्ग. नाव मोठं गमतीचं आहे, कारण त्यात कायमचं असं काहीच नाही. बोरघाटातला मार्ग १८६३ साली खुला झाला. तेव्हाचे रूळ, स्लीपर, खडी केव्हाच गेली, मार्गाची रेघसुद्धा काही ठिकाणी बदलली, आणि तरी आपण म्हणतो, तोच बोरघाट. मग 'कायम' कशाला म्हटलं? बांधकामाच्या वेळी कंत्राटदार मालासाठी तात्पुरते रूळ टाकत, त्यांच्यापासून वेगळं ओळखता यावं म्हणून. म्हणजे हे कायमपण वस्तूच्या अंगात नाही. ज्याला राखायचं असं आपण ठरवतो, तो मार्ग कायमचा.

आणि इथे ताम्हिणीचा संबंध येतो. या मुळशी खोऱ्यात रेल्वे एकदा आली होती, ती धरणाच्या कामापुरती. १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, आणि १९२४ मध्ये सेनापती बापटांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली, त्यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालं. त्याच दशकात मुंबईत विजेच्या गाड्या धावू लागल्या. योगाच्या एका मोठ्या कामासाठी इथल्या गावांचा क्षेम पाण्याखाली गेला. तेव्हा कुणाचं कायम राखायचं आणि कुणाचं तात्पुरतं समजायचं, हा प्रश्न खडीपुरता राहत नाही.

आता या छंदाच्या मर्यादेकडे येऊ. क्षेमाचं फळ म्हणजे काय? काहीच न घडणं. वैशेषिकांनी पदार्थांच्या यादीत पुढे 'अभाव' हा सातवा पदार्थ धरला. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच कळतं. कुमारिलभट्टांचे अनुयायी म्हणतात, त्यासाठी 'अनुपलब्धी' हे निराळं प्रमाण मानावं लागेल. वाद जुना आहे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत: 'इथे घट नाही' म्हणायला घट काय असतो हे ठाऊक असावं लागतं. न घडलेला अपघातही घडलेल्या अपघाताच्या आठवणीनंच दिसतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. आज पावसाळ्यात कोकण रेल्वे निराळ्या, सावकाश वेळापत्रकानं चालते, रात्री माणसं पायी गस्त घालतात. ज्याला ते दोन अपघात आठवतात, त्याला सुरळीत गेलेल्या गाडीत काहीतरी दिसतं. इतरांना ती फक्त गाडी.

आमची मुख्य तक्रार इथेच आहे. ही चित्रणं यंत्र दाखवतात. यंत्राचा प्रकार, क्रमांक, आवाज सगळं काळजीनं टिपतात. पण यंत्राच्या पुढे-मागे चालणारी, नारिंगी जाकिटातली माणसं चौकटीच्या कडेला अर्धी कापली जातात. सरकारी भाषेत ते आता 'ट्रॅक मेंटेनर', लोकांच्या तोंडी अजून गँगमनच. यंत्र अधूनमधून येतं. चावीवाला रोज आपला टापू पायी चालतो, ढिली झालेली चावी हातोड्यानं बसवतो. मागून गाडी येते का, याकडे त्याचा एक कान असतो. अनिल काकोडकर समितीनं २०१२ साली रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला. २००७ ते २०११ या चारेक वर्षांत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मरण पावल्याचं त्यात नोंदलेलं आहे. सगळ्या खात्यांचे मिळून हे आकडे आहेत, पण रुळांवर उभं राहून काम करणाऱ्याचा धोका कुणाला सांगायला नको. दुसऱ्याचा क्षेम राखणाऱ्याचा क्षेम कोण राखतो, हा प्रश्न या चित्रणांत कधी उमटत नाही.

यावर छंदिष्ट म्हणेल, "सर, आम्हाला यंत्र आवडतं, एवढंच. तुम्ही त्यात नीती कशाला आणता?" प्रश्न रास्त आहे. आनंदाला कारण लागत नाही. यंत्र वाईट आहे असंही आमचं म्हणणं नाही. काँक्रीटच्या अजस्र स्लीपरखाली हातानं खडी ठोकणं किती कष्टाचं असतं, ते ठोकणाऱ्यांना विचारा. पण आपण नीती बाहेरून आणत नाही आहोत. डेक्कन क्वीन सोडून तुम्ही पिवळ्या यंत्रापाशी थांबलात, तेव्हाच झगमगाटाखाली काय आहे ते बघायचं तुम्ही ठरवलंत. मग अर्ध्यात का थांबायचं? यंत्राचाच नवा झगमगाट केला, तर डेक्कन क्वीननं काय घोडं मारलं होतं?

म्हणून आमची सूचना साधी आहे. फलाटावरूनच बघा, रुळांवर उतरू नका. क्षेम बघायला जाऊन स्वतःचाच घालवण्यात अर्थ नाही. यंत्र पुढे गेलं की लगेच चित्रण बंद करू नका, आणखी पाच मिनिटं चालू ठेवा. यंत्रामागून येणारा माणूस वाकतो, पट्टीनं माप घेतो, मान हलवतो किंवा हलवत नाही. त्यानंतर सावकाश येणारी पहिली गाडी दाखवा, आणि तिच्यात कुणालाच काही कळलेलं नाही, हेही दाखवा. एवढं जमलं, तर न घडलेलं दाखवणं कसं असतं ते आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तुमच्याकडून शिकता येईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.