सूक्ष्मजीवाश्म आणि कालसीमा : मेइशानच्या निर्णयाची चिकित्सा

पर्मियन व ट्रायासिक या कालांमधील सीमा पूर्वी हिमालयात सापडणाऱ्या ओटोसेरास या ॲमोनाइटावरून ठरवीत. २००१ मध्ये ती चीनमधील मेइशान येथे, २७-सी या थराच्या तळाशी, हिंडिओडस पार्व्हस या कोनोडाँटाच्या प्रथम आढळावर निश्चित करण्यात आली. कोनोडाँट सूक्ष्म व दूरवर पसरलेले असून चुनखडकातून सौम्य आम्लाने सुटे करता येतात; या दृष्टीने निवड युक्तच होय.

परंतु सामूहिक निर्वंशाची खूण २५ व्या थरात, म्हणजे सीमेच्या काही सेंटिमीटर खाली आहे. म्हणून ही निवड सदोष ठरते काय? तसे म्हणता येत नाही. सीमा ही घटनेची स्मारकशिला नव्हे. कालगणनेसाठी खडकात नेमलेला तो एक बिंदू आहे. २५ व्या व २८ व्या थरांतील ज्वालामुखी राखेची वये अनुक्रमे सुमारे २५१.९४ व २५१.८८ दशलक्ष वर्षे असल्याने तो काटेकोर बांधला गेला आहे.

खरा दोष अन्यत्र आहे. जातीचा प्रथम आढळ स्थलांतरावर व गाळाच्या प्रकारावरही अवलंबून असतो. तो सर्वत्र समकालीन असतोच असे नाही. यास्तव, कार्बन-समस्थानिकांची अथवा राखेची साक्ष नसेल तेथे केवळ या जीवाश्मावरून सीमारेषा आखू नये; सीमापट्टा दाखविणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.