७० टक्के, पण कशाचे?

सुरक्षेवर संशोधन प्रस्ताव लिहायला बसलात की एक आयतं वाक्य हाताशी येतं: ७० टक्के त्रुटी मेमरीच्या चुकांमुळे होतात, म्हणून जावा, सी शार्प, गो, रस्ट अशा भाषा वापरा. त्यासाठी हमखास पुढे केला जातो तो व्हाइट हाउसच्या सायबर संचालक कार्यालयाचा फेब्रुवारी २०२४ चा अहवाल, 'बॅक टू द बिल्डिंग ब्लॉक्स'. छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वाचाच. पण आधी छेद बघा. तो आकडा आहे मेमरी-असुरक्षित भाषांमधल्या, दुरुस्त होऊन सीव्हीई क्रमांक मिळालेल्या त्रुटींचा, आणि तोही 'जास्तीत जास्त'. सगळ्या सायबर हल्ल्यांचा नव्हे.

माझी खरी तक्रार उदाहरणांबद्दल आहे. मॉरिस वर्म (१९८८), स्लॅमर (२००३), हार्टब्लीड (२०१४)... सगळी मेमरीचीच. उत्तर ठरवून उदाहरणं निवडली की दुसरं काय होणार?

त्यापेक्षा आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. २७ जून २०१७ ला न्हावा-शेवा बंदरातलं जीटीआय टर्मिनल नॉटपेट्यामुळे ठप्प झालं. (पनवेलकरांना कंटेनरची रांग नवीन नाही, कारण मात्र नवीन होतं.) हा मालवेअर पसरण्याची एक वाट होती इटर्नलब्लू. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या कोडमध्ये ३२ बिटांची लांबी बदलताना फक्त खालचे १६ बिट बदलले जात होते. त्यामुळे आकार चुकायचा, आणि राखलेल्या जागेबाहेर मजकूर लिहिला जायचा. मॅनेज्ड भाषेत हीच चूक झाली असती तर ॲरेची हद्द ओलांडताना एक्सेप्शन आलं असतं. प्रोग्राम बंद पडला असता, पण हल्लेखोराचा कोड चालला नसता. इथपर्यंत अहवालाचं म्हणणं शंभर टक्के खरं.

बरं, पुढे? या त्रुटीचा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता. तो लावलेली यंत्रंही पडली, कारण नॉटपेट्या एका यंत्रातले पासवर्ड चोरून विंडोजच्याच प्रशासकीय साधनांनी दुसऱ्यात शिरायचा. आणि मुळात तो आत आला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. या दोन्ही वाटांवर भाषा बदलून काही झालं नसतं. डिसेंबर २०२१ चं लॉगफोरशेल तर चक्क जावामधलं. लॉगमध्ये आलेल्या मजकुराला सूचना समजून लायब्ररी बाहेरचा कोड आणून चालवायची. मेमरी शाबूत, सर्व्हर हल्लेखोराच्या ताब्यात.

भाषा बदलून सगळे धोके जात नाहीत हे अहवाल स्वतःही मान्य करतो, पण ते वाक्य कोणी उद्धृत करत नाही. त्याचा उत्तरार्धही असाच दुर्लक्षित: सॉफ्टवेअर किती सुरक्षित आहे हे मोजायचं कसं? विषय शोधत असाल तर मला तो भाग जास्त कामाचा वाटतो. तयार मोजपट्टी तिथे मिळत नाही. प्रश्न अवघड आहे असं सांगून अहवाल तो संशोधकांकडे सोपवतो.