साक्षीदार एक, जबान्या दोन

क्रांतिकारकाची कविता आणि त्याच्या आठवणी एकत्र समोर आल्या म्हणजे वाचक सहसा सोपी वाट धरतो. आठवणी हा पुरावा आणि कविता ही त्यावरील नक्षी, असे तो मानून चालतो. आम्ही पेशाने वकील. एकाच साक्षीदाराच्या दोन जबान्यांत तफावत दिसली की एक खोटी ठरविण्याची आम्हांसही सवय आहे. तेलो द मास्कारेन्यस यांची पुस्तके वाचताना मात्र ती सवय बाजूस ठेवावी लागते.

मास्कारेन्यस १८९९ साली गोव्यात जन्मले आणि कोइंब्रा येथे कायदा शिकले. तेथे अदेओदात बार्रेतो प्रभृती गोमंतकीय तरुणांबरोबर त्यांनी ‘हिंदू राष्ट्रवादी केंद्र’ उभारले व १९२८ साली ‘इंडिया नोवा’ हे पत्र काढले. त्या नावातील ‘हिंदू’चा अर्थ ‘भारतीय’ असा होता. संस्थापकांत ख्रिस्ती तरुण होते, हे ध्यानी घेतले म्हणजे ते नाव किती धीटपणे निवडले होते ते कळते. पुढे त्यांनी रवींद्रनाथांची ‘घरे बाइरे’ ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये नेली, १९५० पासून मुंबईहून ‘रिसर्ज गोवा’ चालविले, आणि १९५९ साली ते पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडले.

पोर्तुगालने १९५१ साली आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. त्या कायद्याच्या लेखी गोमंतकीय मनुष्य पोर्तुगीजच होता. आपण भारतीय आहोत एवढे म्हणणे हाच त्याचा द्रोह. म्हणजे येथे क्रांतीचा आरंभ शस्त्रापासून नव्हे, ‘तू कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरापासून होतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मास्कारेन्यस मात्र १९७० पर्यंत पोर्तुगालच्या कैदेत राहिले. देश सुटला, देशासाठी लढणारा अडकून पडला!

सुटकेनंतर, १९७१ साली, त्यांचा कवितासंग्रह निघाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘निराशेच्या व सांत्वनाच्या कविता’ असा आहे, आणि तो पोर्तुगीजमध्ये आहे. १९७६ साली आलेल्या आठवणी इंग्रजीत आहेत. त्यांचे नाव ‘आंबे मोहोरले तेव्हा’. ही अदलाबदल आम्हांस फार बोलकी वाटते. कवितासंग्रहाच्या माथी निवाड्यातल्यासारखे दोन कोरडे शब्द, आणि हकिकतीच्या माथी मोहोराची प्रतिमा. ज्या भाषेने त्यांना कैदी केले तीच त्यांच्या निराशेची भाषा राहिली, कारण मनुष्य आपली निराशा उसन्या भाषेत सांगू शकत नाही. आठवणी मात्र इतरांसाठी असतात. स्वतंत्र भारतातील दूरच्या वाचकापुढे साक्ष द्यावयाची, म्हणून तेथे इंग्रजी आली.

या आठवणींना त्यांनी जोडनाव दिले आहे ‘क्वासी-मेम्वार्स’, म्हणजे ‘आठवणीवजा’. ‘क्वासी’ हा कायदेपंडितांच्या नित्य वापरातला शब्द. जो करार नाही पण करारासारखा बंधनकारक आहे, त्यास आम्ही तो लावतो. न्यायालयात असली ‘वजा’ साक्ष चालणार नाही. वाङ्मयात मात्र हा प्रामाणिकपणा होय. स्मृती शपथेवर बोलू शकत नाही, हे या कायदेपदवीधराने मुखपृष्ठावरच कबूल केले आहे. म्हणून कवितांचा अर्थ लावण्यासाठी आठवणींची किल्ली शोधू नये. दोन्ही जबान्या खऱ्या आहेत; एक स्वतःपुढे दिलेली, दुसरी लोकांपुढे.

आता प्रश्न आपला आहे. मोहन रानडे यांचे ‘सतीचे वाण’ मराठीत असल्यामुळे ते आपल्या कपाटात सहज जाऊन बसले, आणि ते योग्यच झाले. परंतु मास्कारेन्यस यांना कोठे ठेवावयाचे? मराठीवाले म्हणतील, ते आमचे नव्हत. कोकणीवालेही कदाचित तेच म्हणतील. भाषेवरून निष्ठा जोखण्याच्या वादात आपण दोघांनीही पुष्कळ वर्षे घालविली. ज्याने शत्रूच्या भाषेत राहून आपले भारतीयत्व सोडले नाही, त्याच्या कविता मराठीत व कोकणीत आणणे हे दोन्ही घरांचे देणे आहे. ते कोणी आधी फेडावे याचा वाद आपण घालू नये, एवढीच आमची विनंती.