काउलिंगचं टेबल आणि पाट्याचा कोयता

पुण्यातल्या एका कार्यालयात गेल्या महिन्यात ते टेबल पाहिलं आणि तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. जेट इंजिनावरचं गोल काउलिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, आरशासारखं घासलेलं, वर बोटभर जाडीची काच. जागेवरून हलवायला किती माणसं लागतात, असं विचारलं. सहा, आणि काच आधी उतरवावी लागते, असं उत्तर मिळालं.

विमानाच्या पत्र्याचा सगळा जन्म हलकेपणासाठी झालेला असतो. ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं मिसळलं, तापवून पाण्यात विझवलं, की पुढचे काही दिवस ते आपसूक कडक होत जातं, हे आल्फ्रेड विल्म या जर्मन माणसाच्या 1906 मध्ये लक्षात आलं आणि त्यावर पुढचं सगळं विमानयुग उभं राहिलं. अशा धातूपासून घरातली सर्वांत अवजड वस्तू घडवायची, हा त्या धातूचा अपमान आहे.

भंगार विमानांच्या फर्निचरचं आज जे काही चाललं आहे, त्यातलं बहुतेक याच जातीचं आहे. कॅलिफोर्नियातल्या मोटोआर्ट कंपनीनं 2001 पासून पंखांची टेबलं आणि काउलिंगच्या बैठकी करून हा रस्ता रुंद केला. त्यांची घासकाम-पॉलिशची सफाई निर्विवाद आहे, पण तिथे भाग ओळखू येणं हीच कला ठरते. बाजारात मिळणारी, रिव्हेट मारलेल्या पत्र्याची ‘एव्हिएटर’ टेबलं तर विमानाचा एकही तुकडा नसताना विमान असल्याचा आव आणतात. मार्क न्यूसन या डिझायनरचं ‘लॉकहीड लाउंज’ हे ॲल्युमिनियमचं आसन 2015 मध्ये लंडनच्या लिलावात 24 लाख पौंडांच्या वर गेलं. ते शिल्प आहे, बसण्याशी त्याचा संबंध नाही. विमानातल्या ट्रॉलीचे बार मी मोजतही नाही.

मला सांगायचं आहे ते अर्नेस्ट रेस या इंग्रज डिझायनरबद्दल. महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडमध्ये लाकडावर रेशन होतं आणि लढाऊ विमानांच्या भंगाराचे ढीग पडले होते. रेसनं 1945 मध्ये ते ॲल्युमिनियम वितळवून ओतीव खुर्ची केली, ‘बीए’ नावाची. खाली निमुळते होत गेलेले पाय, बाजूनं पाहिलं तर नुसती रेघ. इंग्रजी टी अक्षरासारखा छेद, म्हणजे जिथे ताण तिथेच धातू, बाकी काही नाही. अशा अडीच लाखांवर खुर्च्या झाल्या आणि त्यांत साडेआठशे टन ॲल्युमिनियम गेलं. त्यांतल्या एकीवरही कोणत्या विमानाचा नंबर दिसत नाही. नाव विरलं, हलकेपणा मात्र जसाच्या तसा खुर्चीत उतरला. (युद्धाआधी हा माणूस मद्रासला आला होता. तिथे त्याची मिशनरी आत्या-मावशीपैकी कोणी हातमाग केंद्र चालवायची. तिथे विणलेलं कापड त्यानं लंडनमध्ये दुकान काढून विकलं. हातानं काम करणाऱ्यांकडे बघण्याची त्याची नजर अशी आधीच तयार झालेली होती.)

वस्तूचं नाव सोडून तिचा गुण घेणारी नजर मी आमच्या पाथरीत दर हंगामात पाहतो. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की रस्त्याकडेला घिसाड्यांचे भाते पेटतात. ट्रकचा तुटका कमानपाटा निखाऱ्यात लाल होतो, बाई घण घालते, पुरुष चिमट्यात धरून तो ऐरणीवर फिरवतो. पाट्याच्या मधोमध बोल्टाचं भोक असतं, ते सोडून कापतात. मग पात्याला पाणी देतात, चर्रर्र आवाज होतो. वर्षानुवर्षं टनांचं ओझं लवून पेलणारं पोलाद आता धार धरतं. मी एकदा विचारलं, हा कुठल्या गाडीचा पाटा? कारागिरानं मान वर केली नाही. “तोडायचं काय, ऊस का बाभळ?” एवढंच त्यानं विचारलं.

वस्तू कशासाठी हवी, हा प्रश्न आमच्या समीक्षेला सुचत नाही. ज्या पाथरीसाठी निजामशाही आणि इमादशाही एकमेकींशी झुंजल्या, तिथले जुने वाडे पडताहेत आणि त्यांची सागवानी दारं ट्रकात भरून मोठ्या शहरांकडे जाताहेत. तिथे दार आडवं करतात, वर काच टाकतात, खाली चार पाय लावतात. बिजागरी, कडी, उंबऱ्याशी झिजलेली कड, सगळं काचेखाली. काउलिंगचं केलं तेच इथेही. वस्तूचा गुण काढून घ्यायचा आणि ओळख टांगून ठेवायची, याला पुनर्वापर म्हणायला माझी तयारी नाही. जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत 2014 मध्ये मुंबईच्या दारुखान्यात तोडायला काढली आणि तिचं पोलाद बजाजनं 2016 मध्ये मोटारसायकलीत घातलं, तेव्हा बरेच जण हळहळले. मी नाही. मोटारसायकल रस्त्यावर धावत होती.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला हवाई दलातलं मिग-21 हे लढाऊ विमान निवृत्त झालं. आपल्या नाशिकजवळ ओझरला ही विमानं बांधली गेली, तिथल्या कितीतरी घरांची हयात त्यांच्यावर गेली. अखंड विमानं चौकाचौकांत उभी करा, पोरांना दाखवा, त्याला माझा विरोध नाही. पण उरलेल्यांचे पंख कुणाच्या दिवाणखान्यात काचेखाली जाणार असतील तर आत्ताच बोललं पाहिजे. ते भट्टीत घाला. त्यांची ओतीव खुर्ची करा, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी. आठ वर्षांच्या पोरीला एका हातानं उचलून वर्गातून लिंबाच्या सावलीत नेता येईल अशी.