लेझेब्रिद : एका फ्रेंच बोलपटातील ध्वनिविचार

‘ऑं प्युर्ज बेबे’ (१९३१) हा झाँ रन्वारचा पहिला बोलपट. झॉर्झ फेदोच्या १९१० सालच्या एकांकी प्रहसनावर आधारलेला. त्याचा उल्लेख होतो तो बहुधा शौचकूपातील पाण्याच्या खऱ्याखुऱ्या आवाजापुरता. उरलेला चित्रपट ‘छायांकित नाटक’ म्हणून निकालात काढला जातो. हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार फोलाव्वान मुलाच्या प्रश्नापायी कोशात हेब्रिडीज बेटे शोधतो, आणि तीही ‘झेड’ या अक्षराखाली! फ्रेंचमधील ‘ले’ या अनेकवचनी उपपदाचा अंत्य ‘एस’ एरवी अनुच्चारित असतो. पुढे स्वर आला की तो ‘झ्’ होऊन त्या स्वरास चिकटतो. बेटांच्या नावाचा आद्य ‘एच’ तर मुकाच. कानी पडते ते ‘लेझेब्रिद’. पत्नी ‘ई’ अक्षर सुचविते. तीही कानावरच विसंबलेली, म्हणून तीही चुकते. पदसीमेचा प्रश्न आमच्या वर्गांतून इतक्या थोडक्यात क्वचितच मांडला जात असेल.

मूकपटास हा विनोद पेलला नसता. पाटीवर ‘एच’ छापावा तर गुपित फुटते. ‘झेड’ छापावा तर प्रेक्षक आधीच सावध होतो. कॅमेरा बहुतांशी जागचा हलत नाही, हे मान्य. पण येथे संवाद दृश्यावर लादलेला नाही, प्रसंगच उच्चारातून घडतो. याउलट सैन्यासाठी बनविलेले ‘अभंग’ मूत्रपात्र फुटते, तेव्हा आवाज दृश्याची केवळ री ओढतो. तो विनोद मूकपटातही साधला असता.